‘आता थकले’ म्हणण्यापूर्वी : वार्धक्यातील जर्जरतेची ओळख व तिच्यावरील उपाय

घरातील वृद्ध आजोबांची किंवा आजींची चौकशी केली की “आता थकले आहेत ते” असे उत्तर बहुधा ऐकावयास मिळते. उत्तर देणाऱ्याच्या मनात अनादर नसतो. वयाबरोबर शक्ती कमी होणारच, ही गोष्ट सर्वांनी मान्य केलेली असते. दिवसभराच्या कष्टाने थकलेला माणूस रात्रीच्या झोपेने ताजातवाना होतो. वयाने थकलेला मात्र पुन्हा उभारी धरणार नाही, असे या शब्दात गृहीत धरलेले असते. त्यामुळे वृद्धाचे घटलेले वजन, मंदावलेली चाल आणि अर्धी टाकलेली भाकरी घरातील माणसांना दिसत असूनही त्यांची दखल घेतली जात नाही. एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि कालपर्यंत अंगणात हिंडणारे माणूस कायमचे अंथरुणास खिळते. घर याला दुर्दैव म्हणते. वस्तुतः या अपघाताची चाहूल वर्ष-सहा महिने आधीपासूनच लागलेली असते.

या चाहुलीस वैद्यकशास्त्रात ‘फ्रेल्टी’ म्हणजेच जर्जरता असे नाव आहे. गेल्या पाव शतकातील संशोधनाने तिच्याविषयी दोन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. जर्जरता वेळीच ओळखता येते, ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट अशी की, ती लवकर लक्षात आल्यास पुष्कळ वृद्धांच्या बाबतीत तिची वाटचाल थोपविता येते आणि काहींच्या बाबतीत मागेही फिरविता येते.

वाढते आयुर्मान, वाढती जबाबदारी

स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांच्या आसपास होते. बालमृत्यूंचे प्रचंड प्रमाण हे त्याचे प्रमुख कारण होय. आज हे आयुर्मान ७० वर्षांच्या घरात पोहोचले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक होती आणि महाराष्ट्राच्या लोकसंख्येत दर दहा माणसांमागे जवळजवळ एक व्यक्ती या वयोगटातील होती. वृद्धांच्या आरोग्याचा, कुटुंबाचा व उपजीविकेचा एकत्रित अभ्यास करणारी देशव्यापी पाहणी २०१७-१८ मध्ये हाती घेण्यात आली. तिच्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती गोळा करण्यात आली. या पाहणीचे काम मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने पाहिले.

आयुष्य लांबले ही आनंदाची गोष्ट होय. तथापि लांबलेली वर्षे हिंडता-फिरता जातात की अंथरुणावर जातात, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. गावातील तरुण मुले कामधंद्यासाठी मुंबई, पुणे, सुरत येथे गेलेली असतात आणि घरी वृद्ध दांपत्य किंवा एकटी विधवा राहते. अशा घरात वृद्धाचे परावलंबी होणे म्हणजे एका कर्त्या माणसाचा रोजगार बंद होणे, सुनेवर किंवा मुलीवर अहोरात्र शुश्रूषेचा भार पडणे आणि पुष्कळदा कर्ज होणे. जर्जरतेचा प्रश्न म्हणूनच वैद्यकाइतकाच कुटुंबाचा व गावाचाही आहे.

वय म्हणजे जर्जरता नव्हे

एकाच आळीत राहणाऱ्या ७४ वर्षांच्या दोन स्त्रियांचे उदाहरण कल्पनेने घेता येईल. पावसाळ्यात दोघींनाही चार दिवस ताप येतो. पहिली आठवड्याभरात उठून देवळात जाऊ लागते. दुसरीचा तापही उतरतो, परंतु तिला अंथरुणातून उठवत नाही, अन्नावरची वासना जाते आणि महिन्यानंतरही ती भिंतीला धरूनच चालते. आजार एकच, वयही एकच. मग हा फरक कशामुळे पडतो?

मानवी शरीरातील प्रत्येक इंद्रियाजवळ रोजच्या गरजेपेक्षा अधिक शक्तीचा साठा असतो. शेतकऱ्याच्या कणगीतील धान्याप्रमाणे हा साठा अडचणीच्या काळी उपयोगी पडतो. वय वाढत जाते तसा तो सर्वांचाच थोडाफार कमी होतो. परंतु काही व्यक्तींच्या बाबतीत स्नायू, हृदय, मूत्रपिंडे, मज्जासंस्था अशा अनेक ठिकाणचा साठा एकाच वेळी तळाला जातो. मग साधा ताप, जुलाब, नवे औषध किंवा जोडीदाराचा वियोग अशा एखाद्या लहान धक्क्यानेही सारा डोलारा कोसळतो. या अवस्थेस जर्जरता म्हणतात. ती कोणत्याही एका रोगाचे नाव नाही. मधुमेह किंवा रक्तदाब असलेली व्यक्ती जर्जर असेलच असे नाही आणि कोणताही मोठा रोग नसलेली व्यक्ती जर्जर असू शकते. केवळ वयाच्या आकड्यावरूनही ती ठरत नाही. दरवर्षी आषाढी वारीत आळंदी व देहूहून पंढरपूरपर्यंत दोनशे किलोमीटरांहून अधिक वाट चालणाऱ्यांत सत्तरी ओलांडलेले कितीतरी वारकरी असतात, ही गोष्ट महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको.

या सर्व प्रक्रियेच्या केंद्रस्थानी स्नायू असतात. पन्नाशीनंतर स्नायूंचे वस्तुमान दरवर्षी टक्का-दीड टक्का घटत जाते आणि त्यांची ताकद त्याहूनही वेगाने घटते. खाणे कमी झाले की स्नायू झडतात. स्नायू झडले की चालणे नकोसे होते. हालचाल थांबली की भूक मंदावते. आणि भूक मंदावली की खाणे आणखी कमी होते. हे दुष्टचक्र कोठेतरी तोडणे, हाच जर्जरतेवरील उपायांचा गाभा होय.

पाच लक्षणे

अमेरिकेतील लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ वर्षांवरील पाच हजारांहून अधिक व्यक्तींच्या निरीक्षणावरून २००१ मध्ये जर्जरतेची पाच लक्षणे निश्चित केली. त्यांपैकी तीन किंवा अधिक लक्षणे आढळल्यास ती व्यक्ती जर्जर समजावी आणि एक किंवा दोन आढळल्यास ती जर्जरतेच्या उंबरठ्यावर आहे असे मानावे, असा हा निकष आहे. ही लक्षणे घरातील नित्याच्या व्यवहारातही ओळखता येतात.

१. नकळत घटलेले वजन : वर्षभरात प्रयत्न न करता साडेचार किलो किंवा शरीराच्या वजनाच्या पाच टक्के घट होणे. घरी वजनकाटा नसला तरी बांगड्या कोपराकडे सरकू लागणे, अंगठी बोटातून निसटणे, सदरा खांद्यावरून ओघळणे, दातांची कवळी सैल होणे या खुणा बोलक्या असतात.

२. सततचा थकवा : आठवड्यातील तीन किंवा अधिक दिवस कोणतेही काम ओढूनताणून करावे लागते असे वाटणे.

३. हाताच्या पकडीतील दुर्बलता : दवाखान्यात ही पकड यंत्राने मोजतात. घरी ओले धोतर किंवा लुगडे पिळता न येणे, डब्याचे झाकण न उघडणे, पाण्याची कळशी हातातून सुटणे यांवरून तिचा अंदाज येतो.

४. मंदावलेली चाल : बरोबरीच्या माणसांच्या मागे पडणे, रस्ता ओलांडताना वेळ अपुरा पडणे.

५. कमी झालेली हालचाल : शेतावर, बाजारात, भजनाला किंवा शेजारी जाणे एकेक करून बंद होणे आणि दिवसाचा बहुतेक वेळ खाटेवर जाणे.

कॅनडातील केनेथ रॉकवुड यांनी २००५ मध्ये वेगळ्या पद्धतीची श्रेणी मांडली. तंदुरुस्त वृद्धापासून पूर्णतः परावलंबी वृद्धापर्यंत पायऱ्या आखून व्यक्ती कोणत्या पायरीवर आहे हे तिच्या दैनंदिन व्यवहारावरून ठरविण्यात येते. आजारापूर्वी, म्हणजे दोन आठवड्यांमागे, ती व्यक्ती स्वतः काय काय करीत होती, हा या पद्धतीतील महत्त्वाचा प्रश्न होय. रुग्णालयात वृद्धास घेऊन जाणाऱ्या नातेवाइकांनी ही माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी. “वय झाले आहे” या शब्दांपेक्षा “परवापर्यंत स्वतः विहिरीवरून पाणी आणीत होते” हे वाक्य उपचाराची दिशा ठरविण्यास कितीतरी अधिक उपयोगी असते.

शाळेच्या ओट्यावर होणारी तपासणी

जर्जरतेची प्राथमिक तपासणी करण्यास महागडी उपकरणे लागत नाहीत. एक मोजपट्टी, सेकंद दाखविणारे घड्याळ, हात नसलेली एक साधी खुर्ची आणि वजनकाटा एवढे साहित्य पुरेसे आहे. बहुतेक प्राथमिक शाळांत ते सहज उपलब्ध होऊ शकते.

चालण्याची तपासणी : सपाट जागी खडूने चार मीटर अंतर आखावे. वृद्धास नेहमीच्या चालीने ते अंतर चालण्यास सांगावे. त्यास पाच सेकंदांहून अधिक वेळ लागल्यास पुढील तपासणी आवश्यक समजावी.

खुर्चीवरून उठण्याची तपासणी : हातांची घडी छातीवर घालून पाच वेळा पूर्ण उभे राहावे व बसावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेनुसार हे १४ सेकंदांत जमले पाहिजे. न जमल्यास पायांतील शक्ती घटली आहे असे समजावे.

पोटरीचा घेर : पोटरीच्या सर्वांत जाड भागाचा घेर मोजपट्टीने मोजावा. आशियाई देशांतील तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये सुचविल्यानुसार पुरुषांच्या बाबतीत तो ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांच्या बाबतीत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास स्नायू झडल्याची शंका घ्यावी. पायावर सूज असल्यास मात्र हे माप फसवे ठरते.

तपासणीच्या वेळी वृद्धाजवळ एका व्यक्तीने आधारासाठी उभे राहणे अगत्याचे आहे. छातीत दुखत असल्यास, चक्कर येत असल्यास किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असल्यास ही तपासणी करू नये. शिवाय ही तपासणी म्हणजे रोगनिदान नव्हे. कोणास डॉक्टरांकडे पाठवावे, एवढेच तिच्यावरून ठरवावयाचे असते.

‘आशा’ कार्यकर्तीकडील तपासणी-पत्रकातही साठीवरील व्यक्तींसाठी काही प्रश्नांचा समावेश करण्यात आला आहे. उभे राहताना किंवा चालताना तोल जातो काय, खाणे, कपडे घालणे, स्नान, शौच यांसाठी दुसऱ्याची मदत लागते काय, जवळच्या माणसांची नावे किंवा घराचा पत्ता विसरतो काय, असे हे प्रश्न आहेत. पत्रक भरून घेणे हा उपचार म्हणून न उरता त्यातून पुढील कार्यवाही व्हावी, याकडे ग्रामपंचायतीने लक्ष दिल्यास हेच पत्रक गावातील जर्जर वृद्धांची पहिली यादी ठरू शकेल.

कारणांचा शोध

जर्जरतेची खूण दिसली की तिच्यामागे बरा होण्याजोगा रोग दडला आहे काय, हे प्रथम पाहावे लागते. वजन घटण्यास क्षयरोग, अनियंत्रित मधुमेह, थायरॉइड ग्रंथीचे विकार, कर्करोग, हृदयविकार यांपैकी काहीही कारणीभूत असू शकते. वृद्धांच्या क्षयरोगात खोकला व ताप ही ठळक लक्षणे अनेकदा दिसत नाहीत. केवळ अशक्तपणा व वजनातील घट एवढेच दिसते. त्यामुळे ‘वयोमानामुळे’ वाळत चाललेल्या वृद्धाची थुंकी तपासून घेण्यात हयगय होऊ नये. रक्तक्षय तसेच ब-१२ व ड या जीवनसत्त्वांची उणीव हीदेखील नेहमी आढळणारी कारणे आहेत. दूध-दुभतेही न घेणाऱ्या शाकाहारी वृद्धांत ब-१२ ची उणीव होण्याचा संभव अधिक असतो.

काही कारणे त्याहून साधी असतात आणि म्हणूनच नजरेतून सुटतात. दात नसल्याने भाकरी चावत नाही. मोतीबिंदूमुळे ताटातले दिसत नाही. ऐकू येत नसल्याने चारचौघांत बसणे टाळले जाते. शौचालय दूर असल्याने रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणीच प्यायले जात नाही. जोडीदाराच्या निधनानंतर स्वतःपुरती चूल पेटविण्याचा कंटाळा येतो. उदासीनता हा वृद्धांतील एक खरा व उपचार होण्याजोगा आजार आहे. “त्यांचा स्वभावच आता तसा झाला आहे” असे म्हणून तो सोडून देणे योग्य नव्हे.

औषधांचा भार हेही एक कारण असते. रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी, झोप अशा वेगवेगळ्या तक्रारींसाठी वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेली पाच किंवा अधिक औषधे एकाच वेळी चालू असतील, तर त्यांचा परस्परांवर परिणाम होण्याचा धोका वाढतो. झोपेच्या गोळीने रात्री तोल जातो. रक्तदाबाच्या औषधाचा अंमल अधिक झाल्यास उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. जर्जर वृद्धाच्या रक्तातील साखर फार खाली जाणे हे ती थोडी वाढलेली असण्यापेक्षा अधिक घातक ठरू शकते. वर्षातून किमान एकदा घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे, काढे व चूर्णे एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावीत. स्वतःच्या मनाने मात्र कोणतेही औषध बंद करू नये.

विश्रांतीचा अतिरेक

वृद्ध आजारी पडले की “पडून राहा, आम्ही सर्व हातात देतो” अशी काळजी घेणारी मुले गावोगावी आढळतात. या काळजीमागील माया खरी असली तरी तिचा परिणाम अनेकदा उलट होतो. अमेरिकेतील एका प्रयोगात निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस बिछान्यावर ठेवण्यात आले असता त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायुयुक्त मांस कमी झाल्याचे आढळून आले. हे वृद्ध निरोगी होते. आधीच क्षीण झालेल्या आणि तापाने अन्न सुटलेल्या वृद्धाची हानी किती होत असेल, याची यावरून कल्पना करता येईल.

यासाठी डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर आजारपणातही वृद्धास दिवसातून अनेक वेळा उठवून बसवावे, जेवण खाटेवर न देता बसून द्यावे आणि आधाराने चार पावले चालवावे. खुब्याचे हाड मोडल्यास “या वयात शस्त्रक्रिया कशाला” असे म्हणून दिवस घालवू नयेत. शस्त्रक्रिया लवकर होऊन वृद्ध लवकर उभा राहणे, यावर त्याचे पुढील चालणे व अनेकदा प्राणही अवलंबून असतात. आजारपणात वृद्ध अचानक असंबद्ध बोलू लागल्यास किंवा भ्रमिष्टासारखे वागू लागल्यास ते वयाचे लक्षण न समजता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे किंवा औषधाचा दुष्परिणाम यांचे ते लक्षण असू शकते.

नव्वदीतही वाढणारी शक्ती

उतारवयात स्नायूंची ताकद वाढत नाही, असा समज पूर्वी डॉक्टरांतही रूढ होता. बोस्टन येथील मारिया फियातारोने व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो खोडून काढला. त्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शुश्रूषागृहातील १०० जर्जर वृद्धांनी भाग घेतला होता. त्यांचे सरासरी वय ८७ वर्षे होते. दहा आठवडे पायांचे वजनी व्यायाम करणाऱ्यांच्या स्नायूंची ताकद दुपटीहून अधिक झाली, त्यांची चाल सुधारली आणि जिना चढण्याची क्षमताही वाढली. व्यायामाविना केवळ पौष्टिक पेय घेणाऱ्यांना मात्र असा लाभ झाला नाही. पुढे २०१४ मध्ये अमेरिकेतच ७० ते ८९ वर्षे वयाच्या १,६३५ व्यक्तींवरील मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नियमित व आखीव व्यायाम करणाऱ्या गटात चालण्याची क्षमता गमावण्याचे प्रमाण, आरोग्यविषयक व्याख्याने ऐकणाऱ्या गटाच्या तुलनेने सुमारे १८ टक्क्यांनी कमी होते.

व्यायामासाठी व्यायामशाळेची गरज नाही. खुर्चीवरून किंवा ओट्यावरून हातांचा आधार न घेता आठ-दहा वेळा उठणे-बसणे. भिंतीला हात टेकवून शरीर पुढे-मागे नेणे. खिडकीचा गज धरून टाचा उचलणे. पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली प्रत्येक हातात घेऊन हात वर-खाली करणे. एका पावलापुढे दुसरे पाऊल जुळवून उभे राहणे आणि तोल सांभाळणे, हे व्यायाम कोणत्याही घरात करता येतील. जमिनीवर मांडी घालून बसणे व उठणे ही आपल्याकडील जुनी सवयही गुडघे साथ देत असतील तोवर सोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, दोन दिवस ताकद वाढविणारे आणि तीन दिवस तोल सुधारणारे व्यायाम करावेत. ज्यांना एवढे जमत नाही त्यांनी पाच मिनिटांपासून आरंभ करावा. हृदयविकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि छातीत दुखू लागल्यास, दम लागल्यास किंवा चक्कर आल्यास तत्काळ थांबावे.

चहा-टोस्टवर न भागणारी गरज

उतारवयात कमी खावे असे सर्वसाधारणपणे मानले जाते. उष्मांकांची गरज थोडी कमी होते हे खरे. प्रथिनांची गरज मात्र कमी होत नाही. वृद्धांनी शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे २०१३ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने सुचविले आहे. म्हणजेच ५० किलो वजनाच्या व्यक्तीस ५० ते ६० ग्रॅम प्रथिने हवीत. मूत्रपिंडाचा गंभीर विकार असणाऱ्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे.

सकाळ-संध्याकाळ चहा-टोस्ट, दुपारी अर्धी भाकरी व पातळ आमटी, रात्री थोडा ताकभात, हा अनेक वृद्धांचा नित्याचा आहार होय. त्यातून २० ग्रॅमच्या आसपासच प्रथिने मिळतात. याउलट एक पेला दूध, एक वाटी दही, दोन वेळा वाटीभर घट्ट वरण, एक वाटी मटकीची किंवा हुलग्याची उसळ, दोन भाकऱ्या, मूठभर शेंगदाण्यांचा कूट आणि खात असल्यास एक अंडे, एवढ्या आहारातून ५० ग्रॅमांची मजल सहज गाठता येते. त्यासाठी बाजारातील महागड्या पौष्टिक डब्यांची आवश्यकता नाही. दात नसतील तर भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून द्यावी; पिठले, मऊ खिचडी, नाचणीची आंबील, दाण्याचा कूट घातलेली भाजी, मासळीची आमटी हे पदार्थ चावण्याच्या कष्टाविना पोटात जातात. एकदम ताटभर वाढण्याऐवजी दिवसातून पाच वेळा थोडे थोडे द्यावे. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात. त्यामुळे वरचेवर उपवास करणाऱ्या वृद्धांनी फराळात दूध, दही व शेंगदाणे यांवर भर द्यावा आणि वजन घटू लागल्यास उपवास आवरते घ्यावेत.

घरातील सर्वांची जेवणे आटोपल्यावर उरलेसुरले खाण्याची सवय वृद्ध स्त्रियांना आयुष्यभर लागलेली असते. सर्वांबरोबर बसून जेवल्यास माणूस दोन घास अधिक खातो. आजीचे ताट सर्वांबरोबर वाढले जाणे हा जर्जरतेवरील बिनखर्चाचा उपाय होय.

ग्रामपंचायत, शाळा व कार्यालये यांचे कार्य

जपानच्या वार्धक्यशास्त्र संस्थेने २०१४ मध्ये एक उल्लेखनीय पाऊल उचलले. त्या देशात जर्जरतेसाठी रूढ असलेल्या शब्दातून ‘आता सुधारणा नाही’ असा अर्थ ध्वनित होत असे. म्हणून संस्थेने तो शब्द बाजूस सारून ‘फुरेइरु’ हा नवा शब्द स्वीकारला, जेणेकरून ही अवस्था सुधारू शकते हे लोकांच्या मनावर ठसावे. पुढे २०२० पासून तेथे ७५ वर्षांवरील व्यक्तींच्या आरोग्य तपासणीत १५ प्रश्नांची जर्जरता-प्रश्नावली समाविष्ट करण्यात आली. काशिवा शहरात सुरू झालेल्या उपक्रमात तर प्रशिक्षण घेतलेले ज्येष्ठ नागरिकच इतर ज्येष्ठांची तपासणी करतात. नव्या इमारतींविना, लोकांच्या सहभागातून हे कार्य उभे राहिले, ही बाब आपल्या गावांच्या दृष्टीने अनुकरणीय आहे.

केंद्र शासनाने २०१०-११ पासून वृद्धांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम सुरू केला असून जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी स्वतंत्र कक्ष व प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस वृद्ध-तपासणी अशी त्याची योजना आहे. हा दिवस कोणता, याची माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळकपणे लावावी आणि वाहनाची सोय नसणाऱ्या वृद्धांना एकत्र नेण्याची व्यवस्था करावी. काठी, चालण्याचा आधार, चष्मा, श्रवणयंत्र यांसाठी २०१७ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय वयोश्री योजना व २०२४ मधील राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना यांचा लाभ पात्र व्यक्तींस मिळवून देता येईल. ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले आहे. आई-वडिलांच्या निर्वाहासंबंधीचा २००७ चा कायदा आणि १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा दूरध्वनी क्रमांक यांची माहितीही ग्रामसभेत देण्यात यावी.

याखेरीज गावपातळीवर सहज करता येण्याजोग्या अनेक गोष्टी आहेत. पाणवठ्याच्या व मंदिराच्या पायऱ्यांना कठडा बसविणे, बाजाराच्या वाटेवर मधूनमधून बसण्यासाठी ओटे बांधणे, रस्त्यावरील दिवे चालू ठेवणे, वृद्ध एकटे राहतात अशा घरांच्या शौचालयात धरण्यासाठी दांडी बसविणे, यांस फारसा खर्च लागत नाही. सकाळी शाळा भरण्यापूर्वी शाळेचे मैदान वृद्धांच्या व्यायामासाठी खुले ठेवता येईल. शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून त्यांच्या आजी-आजोबांची चालण्याची गती दर सहा महिन्यांनी मोजवून घेतल्यास गणिताचा एक प्रत्यक्ष पाठही होईल आणि घटती गती आकड्यांत दिसून येईल. शासकीय कार्यालये व बँका यांनी निवृत्तिवेतनासाठी येणाऱ्या वृद्धांस वरच्या मजल्यावर चढावे लागू नये, उन्हात रांगेत तिष्ठावे लागू नये, याची दक्षता घ्यावी. जिना न चढता आल्याने हक्काचे पैसे मागण्याचेच सोडून देणारा वृद्ध कागदोपत्री कोठेच दिसत नाही.

सर्वच वृद्धांची जर्जरता दूर होईल असे नव्हे. काहींच्या बाबतीत ती फार पुढे गेलेली असते. अशा वेळी उपचारांचा भडिमार न करता वेदना कमी करणे, अंथरुणातील जखमा टाळणे, त्यांच्या इच्छेला मान देणे आणि शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला अधूनमधून विसावा मिळवून देणे हेच खरे उपचार ठरतात. परंतु या टोकास पोहोचणाऱ्यांपैकी अनेकांना काही महिने वा वर्षे आधी उंबरठ्यावरच थांबविता आले असते.

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशक निरामय वार्धक्याचे दशक म्हणून जाहीर केले आहे. गावाच्या दृष्टीने या दशकाचा आरंभ चार मीटरच्या खडूच्या रेघेपासून करता येईल. ती रेघ ओलांडण्यास ज्या आजोबांना सात सेकंद लागले, त्यांना पुन्हा पाच सेकंदांत ती ओलांडता यावी यासाठी घर, शाळा, आरोग्य केंद्र व ग्रामपंचायत यांनी एकत्र प्रयत्न करावयाचे आहेत. त्यानंतर कोणी त्यांची चौकशी केली, तर “आता थकले ते” याऐवजी “आताच देवळाकडे गेले आहेत” असे उत्तर घरातून मिळू शकेल.